चौघांच्या खांद्यावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण वर्गातल्या खुर्चीसारखे एका जागी गुमान बसून मी आयुष्य काढलेले नाही. माझ्या दोन्ही अंगांना जाड लोखंडी कड्या आहेत. त्या कड्यांतून दोन लांब दांडे घालायचे, दांड्यांची टोके चौघांनी खांद्यावर घ्यायची आणि पाचव्याने माझ्यात बसायचे, असा माझा धंदा. मी डोंगर पालथे घातले, पण स्वतः एक पाऊलही टाकले नाही. आणि माझ्यात जो बसला त्यानेही टाकले नाही. आपली कहाणी सांगताना इतर वस्तूंची मान ताठ असते. माझी तशी राहत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला घडवले इथल्याच, आफ्रिकेतल्या एका म्हाताऱ्या सुताराने. वरून हुकूम आला, उचलून न्यायची खुर्ची हवी. बिचाऱ्या सुताराला वाटले, कुणीतरी पायाने अधू असणार. त्याला दया आली. त्याने चांगले जुने लाकूड निवडले, हात टेकायच्या जागा घासून घासून गोल केल्या, चढावर पाठीला त्रास नको म्हणून पाठ जराशी मागे कलती ठेवली. वेताची बैठक त्याच्या बायकोने विणली. मला पोचवायला दोघे बंगल्यावर गेले, तेव्हा समुद्रापलीकडून आलेले नवे साहेब दोन-दोन पायऱ्या गाळत धडाधड खाली उतरले.

"अगं, याचे तर दोन्ही पाय धड आहेत," सुतार म्हणाला.

"हळू बोला. ऐकेल कुणी," बायको म्हणाली.

साहेबांचा बंगला आणि कचेरी डोंगराच्या पायथ्याशी होती आणि ज्या गावांवर ते राज्य करायचे ती सगळी वर होती. सारा वसूल करायला, भांडणे मिटवायला, दंड ठोठावायला त्यांना सारखे वर जावे लागे. वाट चिंचोळी आणि खडी. त्यामुळे माझ्याशिवाय त्यांचे पान हलेना. मला दर आठवड्याला तेल लावले जाई. बंगल्यावर येणारे पाहुणे माझ्यावरून हात फिरवून म्हणत, काय सुरेख खुर्ची आहे. मी फुगून जायची. खाली ज्यांच्या खांद्यांना घट्टे पडत होते त्यांच्याकडे त्या काळात मी पाहिलेही नाही. खुर्चीची नजर नेहमी वर बसणाऱ्याकडेच असते, काय करणार?

त्या चौघांत पुढच्या उजव्या दांड्याला जो होता, त्याला सगळे मामा म्हणत. त्याची विधवा बहीण आणि तिचा मुलगा त्याच्याच घरी राहायचे. तो मुलगा मामा म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणू लागले. मामा अंगाने मध्यम, पण जिभेने भारी तिखट. चढ लागला की तो गाणे सुरू करायचा आणि बाकीचे तिघे साथ द्यायचे. त्या ठेक्यावर त्यांची पावले पडत. गाणे मामा चालता चालताच रचायचा. त्यातले एक असे होते:

पाय दिले दोन देवानं, एकही नाही कामाचा,
उचला रे उचला, मुडदा मोठ्या मानाचा.

दम खायला थांबले की मामा हळूच म्हणायचा, "चौघांच्या खांद्यावरून माणूस आयुष्यात एकदाच जातो. हा रोज जातोय, तरी मरायचं नाव नाही."

तिघे खो खो हसायचे. साहेबही हसायचे, कारण सगळे हसत होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती. माझ्या हातावर बोटांनी ठेका धरत एकदा त्यांनी दुभाष्याला विचारले, हे काय गातात? दुभाष्याचा चेहरा पडला. त्याला नोकरीही प्यारी होती आणि मामाही.

"हुजूर, आपलं गुणगान आहे," तो म्हणाला. "आपण फार मोठे आहात आणि आपल्याला उचलायचा मान त्यांना मिळाला, असं म्हणतात."

तसे पाहिले तर तो अगदीच खोटे बोलला नव्हता. साहेबांनी तिथल्या तिथे वही काढली आणि माझ्यात बसल्या बसल्या ते लिहून घेतले. पुढे त्यांचे जाडजूड पुस्तक छापून आले. साहेबांनी पाहिले होते दोन डोंगर आणि त्यांवरची चार गावे, तीही माझ्यात बसून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र अख्खी आफ्रिका होती. आत लिहिले होते, 'हे लोक स्वभावतःच आनंदी असून ओझे वाहण्यात त्यांना धन्यता वाटते. माझी स्तुतिगीते गातच ते डोंगर चढत.' शेजारी माझे चित्रही होते. चित्रात मी छान दिसते. खालच्या चौघांना चेहरेच काढलेले नाहीत.

मित्रांनो, तो मजकूर जिथे लिहिला गेला ती जागा मी आहे. मला सगळे कळत होते. पण खुर्चीला करकरण्यापलीकडे काही बोलता येत नाही आणि माझे करकरणेही साहेबांना त्या गाण्याची साथच वाटले असेल.

आता मामाच्या भाच्याविषयी सांगायला हवे. पोरगा इतका बारीक की सगळे त्याला चिपाड्या म्हणत. तो हुशार निघाला. मामाने त्याला पायथ्याच्या शाळेत घातले आणि त्याच्या पुस्तकांसाठी आपल्या खांद्याला एक दिवस विश्रांती दिली नाही. त्या शाळेत साहेबांच्या पुस्तकातला तोच उतारा धडा म्हणून लावला होता. परीक्षेत प्रश्न आला, ओझेवाले का गात असत? चिपाड्याच्या घरात मामाची गाणी सकाळ-संध्याकाळ चालत. त्याची आई भांडी घासताना तीच गुणगुणायची. ती का गायली जातात हे त्या वर्गात त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्याने उत्तर लिहिले, 'ते स्वभावतः आनंदी असल्यामुळे व साहेबांवरील भक्तीमुळे.' पैकीच्या पैकी गुण मिळाले.

बक्षीस बंगल्याच्या ओसरीवर दिले गेले. तेव्हा मीही तिथेच होते आणि माझ्या दांड्याजवळ मामा उभा होता. साहेबांनी चिपाड्याला धडा म्हणून दाखवायला सांगितले. पोराने छाती काढून, एक अक्षर न चुकता, परक्या भाषेत तो घडाघडा म्हटला. मामाला आता ती भाषा थोडी कळू लागली होती. पोराचे लक्ष मामाकडे गेले आणि शेवटच्या ओळीला त्याचा आवाज खाली आला. पण तो थांबला नाही. टाळ्या पडल्या. बक्षीस घेऊन तो मामाच्या मागे मान खाली घालून उभा राहिला.

"मार्क मिळाले ना? झालं तर मग," मामा म्हणाला. "नीट धर ते बक्षीस. पडेल."

रागावला असता तर बरे झाले असते. त्या पोराला तेव्हा जी लाज वाटली ती रडून मोकळी झाली नाही. त्याने ती अभ्यासाखाली पुरली. तो शिकत गेला, दूरच्या शहरात गेला, मोठ्या परीक्षा पास झाला.

मग दिवस पालटले. साहेब लोक बोटीत बसून निघून गेले, कचेरीवर नवा झेंडा लागला. आता खुर्चीचे काम संपले, असे सगळे म्हणाले. मला ओसरीच्या टोकाला सरकवले. तेल बंद झाले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या, वेत सुटला, कड्यांना गंज चढला. खरे सांगू? मला त्याचे फार वाईट वाटायचे. इतके सगळे पाहूनही मला साहेबांच्या पाठीची आठवण यायची. हेही मी लाज सोडून सांगते आहे.

एके दिवशी ओसरीवर धावपळ झाली. मला धुतले, पुसले, वेत पुन्हा आवळला. नवे अधिकारी आले होते. अंगाने भरलेले, गोल चेहऱ्याचे. पण मान तिरकी करून ऐकायची लकब पाहिली आणि मी ओळखले. आपला चिपाड्याच की हा! त्याला वरच्या गावांत पहिली फेरी करायची होती आणि मोटार पायथ्याशीच थांबली होती.

"मी चालत जाईन," तो म्हणाला.

कचेरीतला हेडक्लार्क जुना मुरलेला माणूस. हात जोडून म्हणाला, "साहेब, जसं आपल्याला वाटेल तसं. पण आजवर जो वर गेला तो खुर्चीतनंच गेला. आपण चालत गेलात तर लोकांना वाटेल शिपाईच आलाय. अर्ज कुणाच्या हातात देतील ते? म्हणतील, आपला माणूस आला तर सरकारनं त्याला खुर्चीसुद्धा दिली नाही."

चिपाड्याने माझ्याकडे पाहिले, मग चढाकडे, मग आपल्या नव्या बुटांकडे. आणि बसला. उचलणारे येईपर्यंत तो कागद चाळत होता. चौघे आले. त्यांनी वाकून दांडे खांद्यावर घेतले, तेव्हा त्याला पुढच्या उजव्या दांड्याखाली पिकलेले डोके दिसले.

"मामा?"

"नमस्कार, साहेब," मामा म्हणाला. "नीट धरून बसा. पुढं खडक आहेत."

मी हवेत गेले होते. चिपाड्या उतरला नाही. का उतरला नाही, ते त्याचे त्यालाच ठाऊक. बहुधा सगळ्या कचेरीसमोर कसे उतरावे ते त्याला सुचले नाही. चढ सुरू झाला. सुरुवातीला तो लाकडासारखा ताठ बसला होता. पण वाट लांब होती. हळूहळू त्याची पाठ माझ्या पाठीला टेकली, खांदे सैल पडले, हात माझ्या हातांवर आले. मला ते कळत होते. मागच्या साहेबांनाही पहिल्या दिवशी एवढाच वेळ लागला होता.

फक्त एक गोष्ट वेगळी होती. कुणी गात नव्हते. चार माणसांचा श्वास आणि माझी करकर, एवढाच आवाज. साहेबांच्या काळात मी असा गप्प डोंगर कधी चढले नव्हते. तो वाट पाहत राहिला. शेवटी त्याला राहवेना.

"मामा, तू गाणं म्हण ना."

त्याचा तो 'तू' भाच्याचाच होता, लहानपणापासूनचा. पण माझ्यात बसून म्हटल्यामुळे तो हुकमासारखा वाटला. त्यालाही ते ऐकू आले असावे.

"कोणतं गाणं, साहेब?"

"तेच आपलं. चढावरचं."

मामा काही पावले तसाच चालला. मग धापा टाकत म्हणाला, "ते होय? ते वर बसणाऱ्याला कळत नव्हतं, तोवर ठीक होतं. आता आमची नोकरी जाईल, साहेब."

त्याने हे चिडून म्हटले नाही. साधा हिशेबाचा विचार सांगावा तसे म्हटले. बाकीच्या तिघांतले कुणीही हसले नाही. चिपाड्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बोटांनी त्याने माझे हात इतके घट्ट धरले की माझा सांधा निखळायची वेळ आली.

"थांबा. खाली ठेवा," तो म्हणाला.

चौघांनी घाबरून मला टेकवले. "काही चुकलं का, साहेब?" मामाने विचारले. मामाने विचारले हो! ज्याने त्याला अक्षर दाखवले, त्या मामाने. चिपाड्या उतरला आणि पुढे चालू लागला. आता त्या चौघांनी काय करावे? खुर्ची सरकारची, वाटेत टाकून कशी जाणार? त्यांनी मला रिकामीच खांद्यावर घेतली आणि त्याच्या मागून निघाले. पुढे नव्या बुटांनी बेजार झालेला साहेब लंगडतो आहे आणि मागून चौघे रिकामी खुर्ची मिरवीत येताहेत, हा थाट वरच्या गावाने पाहिला. तिथली पोरे हसून हसून लोळली.

खाली आल्यावर चिपाड्याने पहिला हुकूम काढला, आजपासून खुर्ची बंद. त्याला वाटले, पाप धुतले. हेडक्लार्कने लगेच त्याखाली दुसरा कागद ठेवला: खुर्ची नाही, तर उचलणारे कशाला? न वाचताच सही झाली आणि चौघांनाही घरी पाठवले. चिपाड्याला हे कळले ते त्याच्या आईकडून. ती तरातरा कचेरीत आली.

"तुला लाज वाटली, आणि चार घरांच्या चुली विझल्या," ती म्हणाली. "ही कसली रे तुझी लाज? ज्याच्या जिवावर शिकलास, त्यालाच तिची किंमत द्यायला लावलीस?"

त्याने धावपळ करून तिघांना कचेरीत लावून घेतले. मामाला पहारेकऱ्याची जागा देऊ केली. मामाने निरोप पाठवला, साहेबांचे उपकार आहेत, पण माझे आता वय झाले. त्यानंतर तो कचेरीकडे फिरकला नाही. चिपाड्या घरी गेला की मामा उठून उभा राहायचा, बसायला जागा पुसून द्यायचा, आणि 'साहेब' म्हणायचा. घरची माणसे परक्यासारखी अदबीने वागू लागली की माणूस कुठे जाईल? चिपाड्या रोज संध्याकाळी ओसरीवर माझ्यासमोर उभा राहायचा. बसायचा नाही. नुसता पाहत राहायचा.

पुढे मामाच्या छातीत दुखू लागले. त्याचे घर चढावर अर्ध्या वाटेवर होते आणि त्याला दवाखान्यात न्यायला हवे होते. चिपाड्याने मला बाहेर काढले. शिपाई, ड्रायव्हर आणि हेडक्लार्क यांना तीन टोकांना लावले आणि पुढचा उजवा दांडा स्वतः घेतला. अंगणात पोचला तेव्हा त्याचा शर्ट खांद्यावर फाटला होता आणि चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान होते. ते मला आवडले नाही.

"मामा, बस," तो म्हणाला. "आज मी उचलतो."

मामा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, फाटक्या शर्टाकडे पाहिले.

"म्हणजे तुला बरं वाटावं म्हणून मी वर बसू?"

"तसं नाही, मामा."

"तसंच आहे, अरे. इतकी वर्षं तुमचं ओझं वाह्यलं. आता तुझी लाजही मीच वाहू का? ती तुझी आहे. तुझ्यापाशीच ठेव, चांगली असते ती." त्याला दम लागला. मग तो म्हणाला, "खुर्ची राहू दे. नुसता खांदा दे."

चिपाड्या पुढे झाला. मामाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे एकेक पाऊल उतरू लागले. मागून आई पाण्याचा तांब्या घेऊन. मी अंगणात एकटी राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामी असल्याचे मला बरे वाटले.

मामा त्या दुखण्यातून उठला. तो घरी परतल्यावर चिपाड्या पुन्हा आला तो कुऱ्हाड घेऊन. मी अजून अंगणातच होते. मामा पायरीवर ऊन खात बसला होता.

"काय करतोस?"

"फोडून जाळतो हिला. डोळ्यांसमोर नको."

"तो धडा अजून आहे का रे शाळेत?"

चिपाड्याने कुऱ्हाड खाली केली. "आहे."

"पोरं पाठ करतात?"

"करतात." मग खाली बघत तो म्हणाला, "मीही तेच लिहिलं होतं, मामा. परीक्षेत. मला खरं माहीत होतं, तरी."

"ठाऊक आहे. मी दांड्यापाशीच तर उभा होतो." मामाने त्याला जवळ बसवले. "आता ऐक. तू हिला जाळलीस की मागं ते पुस्तक तेवढं उरेल. आम्ही गात होतो, एवढंच उरेल. त्यापेक्षा हिला शाळेत ठेव. तो धडा आला की पोरांना सांग, ही उचला. रिकामीच उचला. मग वाचा म्हणावं."

तशी मी या शाळेत आले. धडा काढून टाकावा म्हणून चिपाड्याने पत्रे लिहिली. पण धडा बदलायला वरून परवानगी लागते, आणि वर कोण बसले आहे ते कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून तो अजून आहे. तो दिवस आला की बाई तुमच्यातल्या चौघांना पुढे बोलावतात. तुम्ही हसत येता, दांडे खांद्यावर घेता आणि अंगणाला फेरी मारू लागता. पाचवा धडा वाचतो. 'स्वभावतःच आनंदी' या शब्दांपाशी येईपर्यंत तुमच्या खांद्यांवर लाल वळ उठलेले असतात आणि कुणीतरी म्हणते, बाई, ठेवू का खाली? पहिल्या वर्षी मामा स्वतः आला होता. त्याने ते गाणे पूर्ण म्हटले. शेवटच्या बाकावर बसून चिपाड्याने साथ दिली. आज मामा नाही. गाणे बाई शिकवतात.

मित्रांनो, आपली कथा सांगणारी प्रत्येक वस्तू शेवटी म्हणते, आम्हाला जपा. मीही म्हणते. मला वाळवी लागू देऊ नका, पावसात टाकू नका. पण मधल्या सुट्टीत, बाई नसताना, तुमच्यातले कुणीतरी गंमत म्हणून हळूच माझ्यात येऊन बसते आणि बाकीच्यांना म्हणते, चला, उचला मला. मी त्याला नावे ठेवत नाही. खोट माझ्यातच आहे. माझे लाकूड जुने झाले, वेत सैल पडला. पण त्या भल्या सुताराने मला अशी काही घडवली आहे की मी अजूनही फार आरामाची आहे. जो बसतो त्याची पाठ आपोआप टेकते आणि त्याला उठावेसे वाटत नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मला हवी तेवढी उचलून बघा. बसून बघू नका.